उलथणे आणि अडगळीतले शिलेदार

२०१९ च्या जुलैतली एक सकाळ. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरले होते आणि विरारहून गाडी पुढे सरकत नव्हती. माझी भाची तेव्हा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी विरारला आमच्याकडे राहत होती. त्या दिवशी कॉलेजला जाण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या खोलीत दोन डाव एकाच वेळी रंगले होते. खाली सतरंजीवर माझी आई, पत्नी आणि शेजारच्या दोघीजणी मेंढीकोट खेळत होत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर भाची लॅपटॉपला फोनचे इंटरनेट जोडून काहीतरी वेगळेच मांडून बसली होती. मधल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन मी. सतरंजीवरून आईचा आवाज आला, "हुकमाची दुरी आहे म्हटलं माझ्याकडे!" आणि समोरचीचा एक्का तिने दुरीने मारून हात उचलला. साधारण त्याच सुमारास भाची ओरडली, "मामा, हे बघ, गॅरेन उडाला!"

गॅरेन कोण, तो का उडाला आणि त्यात ओरडण्यासारखे काय, हे समजून घेण्यात ती दुपार गेली. आणि खरे सांगायचे तर पुढची काही वर्षेही अधूनमधून त्यातच गेली. माझी उमेद गणित शिकवण्यात सरली. असे खेळ खेळायची चपळाई माझ्यात नाही. पण हा खेळ चपळाईचा नाही हे कळल्यावर मी त्यात ओढला गेलो. एकच प्रश्न पाठ सोडीना. ज्या मोहऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तो एखाद्या वस्तूच्या बळावर पुन्हा पटावर कसा येतो? आणि खेळ रचणाऱ्याने ती वस्तू कशी घडवावी?

आधी खेळाची ओळख. या जातीच्या खेळांना 'ऑटो-बॅटलर' म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये ड्रोडो स्टुडिओ नावाच्या एका छोट्या चिनी चमूने 'डोटा ऑटो चेस' हा खेळ काढला आणि काही महिन्यांत त्याची लाट आली. त्याच वर्षी जूनमध्ये रायट गेम्सचा 'टीमफाइट टॅक्टिक्स' आणि व्हॉल्व्ह कंपनीचा 'डोटा अंडरलॉर्ड्स' हे खेळ आले, नोव्हेंबरमध्ये 'हार्थस्टोन बॅटलग्राउंड्स'. नावात 'चेस' असले तरी याचे बुद्धिबळाशी नाते पटापुरतेच. मूळ प्रेरणा माहजाँग या चिनी खेळाची, म्हणजे सोंगट्या जमवून जोड्या लावण्याची. आठ खेळाडू एका डावात उतरतात. प्रत्येकापुढे दर फेरीला दुकान मांडले जाते. त्यात पाच पात्रे विकायला असतात, एका नाण्यापासून पाच नाण्यांपर्यंत किमतीची. हवी ती विकत घ्यायची, आपल्या अर्ध्या पटावर मांडायची आणि हात काढून घ्यायचे. पुढची लढाई पात्रे आपली आपण लढतात. म्हणून 'ऑटो'. तालमी घेऊन झाल्यावर विंगेत उभ्या राहिलेल्या दिग्दर्शकासारखी खेळाडूची अवस्था असते: पडदा उघडला की ओठ चावण्यापलीकडे काही करता येत नाही.

एकाच पात्राच्या तीन प्रती जमल्या की ते वरच्या पायरीवर जाते, नऊ जमल्या की त्याहून वरच्या. शिवाय प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या गटाचे असते, कोणी सरदार, कोणी मारेकरी, कोणी जादूगार. एका गटाची ठरावीक संख्या पटावर आली की त्या गटाला विशेष बळ मिळते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आयटम. टीमफाइट टॅक्टिक्समध्ये तलवार, धनुष्य, चिलखत असे सुटे भाग मिळतात. दोन भाग जोडले की एक पुरी वस्तू होते आणि ती पात्राच्या अंगावर चढते. एका पात्राला जास्तीत जास्त तीन. हिशेब सोपा आहे: साधे भाग आठ धरले, तर दोन-दोनच्या जोड्या होतात ३६.

एका वेळी खेळात पन्नास-साठ पात्रे असतात. इतकी असूनही जाणते खेळाडू फिरून फिरून त्याच दहा-बारांकडे का जातात? याचे कारण पटावरच्या जागा. त्या आठ-नऊच असतात. एखादे पात्र वाईट असायची गरजच नाही. त्याच कामाला त्याच्याहून थोडे सरस दुसरे कोणी असले की पुरते. परीक्षेत ८८ टक्के मिळवूनही प्रवेश हुकलेला विद्यार्थी नालायक नसतो, ८८.४ वर यादी बंद झालेली असते. बाकीची पात्रे पहिल्या दोन-चार फेऱ्यांत भिंत म्हणून उभी राहतात आणि मग विकली जातात. गॅरेन हे असेच पात्र. पहिल्या आवृत्तीत तो एका नाण्याला मिळणारा सरदार होता. हातात भली मोठी तलवार, आणि वेळ आली की ती घेऊन स्वतःभोवती गरगर फिरणे हे त्याचे कसब. अडचण अशी की तो पुढच्या रांगेत उभा असतो, त्याच्यासमोर येतात ती दुसऱ्याची चिलखतबंद माणसे, आणि त्याचे सगळे गरगर फिरणे त्या भिंतीवर वाया जाते.

अशा पात्राला वर काढायचा सरळ मार्ग म्हणजे त्याचे आकडे वाढवणे. या खेळांत साधारण दर दोन आठवड्यांनी दुरुस्ती येते, कोणाचा मार वाढतो, कोणाचा घटतो. पण या मार्गात एक खोट आहे, आणि ती ठसठशीत पाहायची तर बुद्धिबळाच्या इतिहासात पाहावी. आज ज्याला आपण वजीर म्हणतो तो जुन्या शतरंजात पटावरच्या सर्वांत दुबळ्या मोहऱ्यांपैकी एक होता. तिरके एक घर, एवढीच त्याची धाव. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आडवे, उभे, तिरके कितीही घरे जाण्याची मुभा मिळाली. उपेक्षित मोहरा एका फटक्यात पटाचा मालक झाला. त्याबरोबर आजवर सर्वांत बलवान असलेला हत्ती दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि शतरंजाचे उस्ताद शतकानुशतके घोटत आलेले डाव जुने झाले. खेळ अधिक चांगला झाला, यात शंका नाही. पण ते एका मोहऱ्याचे पुनरुज्जीवन नव्हते. तो नवाच मोहरा होता, नाव तेवढे जुने. आकडे वाढवण्याचे हे असे असते. थोडे वाढवले तर कोणाला कळत नाही, जास्त वाढवले तर सगळे त्याच्याच मागे लागतात आणि कालचा लाडका अडगळीत जातो.

दुसरा मार्ग वस्तूचा. पात्र होते तसेच राहते, त्याच्या हाती काहीतरी पडते. पण कुठलीही वस्तू चालत नाही, आणि हेच मला उशिरा उमगले. समजा, मार दीडपट करणारी एक तलवार आहे. ती कोण घेईल? ज्याचा मार आधीच जबर आहे तो. शंभराचे दीडशे होतात तिथे दहाचे पंधरा होण्यात कोणाला रस? सर्वांना सारखी उपयोगी पडणारी वस्तू नेहमी लाडक्याच्याच ताटात जाते. उपेक्षिताला उठवायचे तर वस्तू तिरपी हवी: जिचा फायदा बलवानाला थोडा आणि दुबळ्याला फार.

सतरंजीवरचा डाव मला इथे कामाला आला. आपण 'हुकमाचा एक्का' असा वाक्प्रचार रूढ केला आहे, पण हुकमाची खरी किमया एक्क्यात नाही. एक्का हुकमाचा नसता तरी बहुतेक वेळा हात घेऊन गेलाच असता. दुरीचे तसे नाही. तिला एरवी कोणी मोजत नाही. पान टाकायचे म्हणून टाकायचे, एवढीच तिची किंमत. हुकूम लागला की तीच दुरी परक्या रंगाच्या एक्क्याला मारते. एकच नियम, पण एक्क्याला त्याने मिळते ते किरकोळ आणि दुरीला मिळते ते सर्वस्व. आईने त्या सकाळी जे केले ते हेच.

टीमफाइट टॅक्टिक्सच्या पहिल्या आवृत्तीत अशीच एक वस्तू होती, 'रॅपिड फायरकॅनन'. दोन धनुष्ये जोडून ती होई आणि पात्राचा पल्ला दुप्पट करी. दूरवर बाण मारणाऱ्याला हिचा फारसा उपयोग नाही. त्याचा पल्ला आधीच चार घरांचा, तो आठ केला तरी पट तेवढा लांब आहे कुठे? पण एका घरावरून भिडणाऱ्या पात्राचा पल्ला दोन घरे झाला की सगळेच बदलते. तो पहिल्या रांगेच्या आड उभा राहून तलवार चालवू शकतो. चालत जाण्यात वाया जाणारे सेकंद वाचतात, आणि सगळी लढाईच जिथे अर्ध्या मिनिटाची आहे तिथे दोन-तीन सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. पात्राचा मार एका अंकानेही वाढलेला नसतो.

आणि मग ते उलथणे. आठ साध्या भागांखेरीज एक नववा भाग असतो, क्वचितच हाती लागणारा. त्याचे इंग्रजी नाव 'स्पॅट्युला'. चित्रही तसेच, सोनेरी मुलाम्याचे. भाचीला विचारले हे काय, तर म्हणाली, "आजीचा कालथा." उलथणे, कालथा, काविलथा, ज्याच्या घरी जो शब्द असेल तो घ्यावा. तलवारी-चिलखतांच्या गर्दीत स्वयंपाकघरातली ही वस्तू आधी थट्टेसारखी वाटते. पण या खेळाच्या चीनमधल्या मोबाईल आवृत्तीचे नावच 'सोनेरी उलथण्याची लढाई' अशा अर्थाचे आहे, इतकी ती त्याची खूण बनली आहे. उलथण्याचे काम उलथवण्याचेच: ते दुसऱ्या भागाला जोडले की पात्राला एका परक्या गटाचे सदस्यत्व मिळते. जन्माने तो सरदार, पण आता मारेकरीसुद्धा.

पहिल्या आवृत्तीत उलथणे आणि तलवार मिळून 'यूमूज घोस्टब्लेड' व्हायचे आणि ते धारण करणारा मारेकऱ्यांच्या गटात जमा व्हायचा. मारेकऱ्यांचा स्वभाव असा की लढाई सुरू होताच ते उडी घेऊन शत्रूच्या मागच्या फळीत उतरतात, जिथे अंगावर चिलखत नसलेले जादूगार आणि तिरंदाज उभे असतात. आता गॅरेन पाहा. जाडजूड अंगाचा, सहजी न मरणारा, आणि कसब काय तर स्वतःभोवती फिरून आजूबाजूच्या सगळ्यांना कापणे. हे कसब पुढच्या रांगेत फुकट जात होते. मागच्या फळीत, तीन-चार नाजूक जादूगारांच्या घोळक्यात, त्यासारखे दुसरे काही नाही. भाचीचा गॅरेन उडाला तो असा. त्याला नवी शक्ती कोणी दिली नाही. त्याची जागा बदलली.

वसईत राहणाऱ्याला यात फार नवल वाटू नये. मराठ्यांची जरब घोडदळाची. पण वसईच्या तटापुढे घोड्यांना काय काम? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सेबस्त्यांव बुरुजाखाली सुरुंग उडवून वाट पाडली, तेव्हा मोहिमेचे पारडे फिरले ते एरवी बखरींच्या ओळीत फारसे न येणाऱ्या, जमीन पोखरणाऱ्या माणसांमुळे. तुलना याहून ताणणे बरे नाही. तिथे खरी माणसे मेली.

गॅरेनच्या गोष्टीतला माझ्यासारख्या गणितवाल्याला सर्वांत आवडलेला भाग मात्र पुढचा आहे. आठही खेळाडूंच्या दुकानांत येणारी पात्रे एकाच सामायिक साठ्यातून येतात आणि प्रत्येक पात्राच्या प्रती मोजक्या असतात. समजा एका पात्राच्या तीस प्रती आहेत आणि तिघांना ते वरच्या पायरीपर्यंत न्यायचे आहे. प्रत्येकी नऊ म्हणजे सत्तावीस झाल्या. चौथ्याने सहज म्हणून चार घेऊन ठेवल्या की तिघांपैकी एकाचे नक्की बिनसते. लाडक्या पात्राची खरी किंमत दुकानातल्या पाटीवर नसते, ती या ओढाताणीत असते. याउलट ज्याला कोणी घेत नाही त्याच्या सगळ्या प्रती साठ्यात पडून असतात. इतकेच नव्हे, इतरांनी आपापले लाडके उचलून नेल्यामुळे उरलेल्या साठ्यात त्याचे प्रमाण वाढते आणि आपल्या दुकानात तो वारंवार येऊ लागतो. उपेक्षा हीच एक सवलत झाली.

म्हणजे विशेष वस्तूने उपेक्षित पात्राला लाडक्याच्या बरोबरीला आणायची गरजच नाही. त्याच्या जरा खाली आणून सोडले तरी बस्स. उरलेले अंतर ही सवलत भरून काढते. लाडक्याच्या मागे लागलेला खेळाडू सहा प्रतींवर अडकलेला असतो तेव्हा आपल्याकडे नऊ झालेल्या असतात. खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा दिलासा आहे, कारण अचूक बरोबरी साधणे जवळपास अशक्य असते. आणि या व्यवस्थेला आपोआप लगाम बसतो. वस्तू दुर्मीळ असल्याने प्रत्येक डावात सगळ्यांना ती साधत नाही. ज्यांना साधते त्यांची गर्दी झाली की सवलत संपते. भाचीने तो डाव जिंकला नाही, हेही नोंदवतो. ती तिसरी आली. या खेळात पहिल्या चारांत येणे म्हणजे गुण पदरात पडणे, त्यामुळे ती खूश होती.

वस्तू पात्राचा स्वभाव कसा वापरते याचा आणखी एक नमुना 'सुपर ऑटो पेट्स' या २०२१ च्या साध्यासुध्या खेळात आहे. तिथे योद्ध्यांच्या जागी प्राणी आणि शस्त्रांच्या जागी खाऊ. अळंबी खाल्लेला प्राणी पडला तर पुन्हा उठतो, पण अगदी किमान ताकदीचा होऊन. जो प्राणी अंगबळावर लढतो त्याला या खाऊचा उपयोग शून्यासारखा. पण काही प्राण्यांची करामत मरतानाच चालते. ते दोनदा मरू शकले की करामतही दोनदा. तिरप्या वस्तूचे याहून सुबक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळे वाचून वाटेल की मग प्रत्येक दुर्लक्षित पात्रासाठी एक खास वस्तू काढली की झाले. नेमका हाच प्रयोग टीमफाइट टॅक्टिक्सने डिसेंबर २०२२ च्या आवृत्तीत केला. या खेळात २०२१ पासून डावात तीनदा एकेक 'ऑगमेंट' निवडायला मिळते. त्याला आपण वर म्हणू. त्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला त्याचे स्वतःचे दोन वर दिले गेले, एक त्याला नायक करणारा आणि एक त्याला सहायक करणारा. पात्रे साठच्या आसपास, म्हणजे वर शंभराहून अधिक. कल्पना उदार होती: कोणीही अडगळीत राहणार नाही, प्रत्येकाचा दिवस येईल.

माझ्या मते ती फसली, आणि कारण वर सांगितलेल्या हिशेबातच आहे. उलथणे कोणाच्या हाती द्यायचे हे खेळाडू ठरवतो. त्या ठरवण्यात शोध असतो. गॅरेनला मारेकरी करावे असे खेळात कुठेही लिहिलेले नव्हते. पण ज्या वरावर पात्राचे नावच कोरले आहे तिथे शोधायचे काय उरले? शिवाय पात्र उठते ते त्या डावात वर मिळालेल्या एका खेळाडूपुरते. बाकीच्या सातांसाठी ते पूर्वीइतकेच निरुपयोगी. आणि शंभर वरांचे आकडे जुळवता जुळवता रचनाकारांची जी दमछाक झाली असेल तिची कल्पना करवत नाही. जून २०२३ च्या आवृत्तीत ही यंत्रणा खेळाच्या केंद्रातून गेली. आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेल्या 'इम्पॅक्ट प्लेअर'च्या नियमाविषयी जी तक्रार होते ती मला याच्या जवळची वाटते: एरवी बाहेर बसणारा निव्वळ फलंदाज किंवा निव्वळ गोलंदाज त्या नियमाने संघात आला, पण थोडे हे थोडे ते करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूची षटके गेली.

भाचीला माझे हे मत मुळीच मान्य नाही. "मामा, तू खेळत नाहीस म्हणून तुला शोध हवा असतो," असे ती म्हणते. "मला त्या सहा महिन्यांत जेवढी पात्रं खेळायला मिळाली तेवढी आधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी गंजिफाचा दाखला देऊन पाहिला. सावंतवाडीला रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातल्या पाच रंगांत प्रधानाखाली दहाचे पान मोठे आणि उरलेल्या पाचांत क्रम उलटा: एक्का मोठा, दहा सर्वांत लहान. ना हुकूम, ना खास वस्तू. कोणतेच पान कायमचे खालच्या पायरीवर नाही, हे मुळातच ठरवलेले. भाचीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तिथेही कोणीतरी आधीच ठरवूनच ठेवलंय ना?" तिचा मुद्दा बिनतोड नसेल, पण मला तो अजून खोडता आलेला नाही.

जुलैतल्या गॅरेनचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी ती पुन्हा त्याच टेबलावर बसली होती. तिच्याकडे उलथणे आले, तलवारही आली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. तिने इतरांचे पट एकामागून एक उघडून पाहिले. तिघांकडे गॅरेन होता, आणि त्यातल्या एकाचा उडूनही गेला होता. तिने आपला गॅरेन विकला, एक नाणे परत घेतले, आणि बाकीच्या सातांच्या पटांवर कोण कोण दिसत नाही ते वहीत उतरवू लागली.